एएफएस: पाथ एकच, पण प्रत्येक मशीनला आपापली बायनरी

ओपनएएफएस ही नेटवर्कवरच्या अनेक मशीन्सना सामायिक फाइल्स देणारी एएफएस प्रणाली. तिच्या एकाच सेलला, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हर-क्लायंटच्या गटाला, वेगवेगळ्या जातीची मशीन्स जोडली, की स्क्रिप्टमध्ये प्लॅटफॉर्म तपासणाऱ्या अटी वाढत जातात. त्याऐवजी पाथमध्ये ‘@सिस’ हा घटक वापरा. (इथले आदेश टर्मिनलवर रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायचे.) त्याच्या जागी मशीनच्या प्लॅटफॉर्मचं खरं नाव भरतो तो क्लायंटवरचा कॅश मॅनेजर (एएफएसमधल्या फाइल्स आणून देणारा भाग), सर्व्हरवर काहीच बदलावं लागत नाही.

आधी प्रत्येक मशीनवर ‘एफएस सिसनेम’ चालवून नाव टिपून घ्या. ६४-बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर ते सहसा ‘एएमडी६४_लिनक्स२६’ असतं. कर्नल कितीही नवं असलं तरी २६ तसाच राहतो, तो बदलायला जाऊ नका.

सॉफ्टवेअरच्या डिरेक्टरीत नेमक्या याच नावांच्या उप-डिरेक्टऱ्या करा. ‘@सिस’ नावाची डिरेक्टरी करायची नाही, ती होतही नाही. मग प्रत्येक मशीनच्या लोकल डिस्कवर ‘एलएन -एस’ने एक सिमलिंक करा: ‘/एएफएस/सेलचं-नाव/सॉफ्ट/@सिस/बिन’कडे नेणारी. पाथ व्हेरिएबलमध्ये (शेल आदेश जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) त्या लिंकचाच पत्ता द्या, कारण काही शेल ‘@सिस’ नीट उलगडत नाहीत.

खरी गोची होते ती नावांच्या यादीत. रूट म्हणून ‘एफएस सिसनेम -न्यूसिस’पुढे एकाहून जास्त नावं देता येतात, उदाहरणार्थ आधी ‘एएमडी६४_लिनक्स२६’, मग ‘आय३८६_लिनक्स२६’. कॅश मॅनेजर ती क्रमाने शोधतो, पण शोध डिरेक्टरीच्या नावाचा असतो, आतल्या फाइलचा नव्हे. पहिली डिरेक्टरी सापडली की तो तिथेच थांबतो. तिच्यात एकच नवं टूल ठेवलंत, तर यादीत पुढे असलेल्या जुन्या डिरेक्टरीतली बाकी सगळी टूल्स त्या मशीनवरून दिसेनाशी होतात. म्हणून डिरेक्टरी वेगळ्या नावाने पूर्ण भरा, राहिलेल्या टूल्ससाठी जुन्या जागेच्या सिमलिंक टाका, आणि शेवटी ‘एमव्ही’ने खरं नाव द्या.

ही यादी कर्नलच्या मेमरीत असते, रीबूटनंतर टिकत नाही. आदेश स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये, एएफएस क्लायंट सुरू झाल्यानंतर चालेल असा घाला.

खात्रीसाठी ‘@सिस’चा पाथ आणि खऱ्या नावाचा पाथ, दोन्हींवर ‘एलएस -एलडीआय’ चालवा. आयनोड क्रमांक (फाइल किंवा डिरेक्टरीचा ओळख-क्रमांक) जुळला पाहिजे. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर बायनरी दुसऱ्याच प्रोसेसरची आहे. ‘फाइल’ आदेश लगेच सांगेल. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल’ म्हणत असेल, तर बहुधा ३२-बिट बायनरीला लागणारा डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडणारा) त्या मशीनवर नाही.