मायक्रोकरंट यंत्र वापरताना जेल कसे लावावे

त्वचेचा वरचा कोरडा थर विजेला मोठा विरोध करतो. त्यामुळे मायक्रोकरंट यंत्राचा, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेला अतिसौम्य वीज देणाऱ्या छोट्या सौंदर्य-यंत्राचा, १ मिलिॲम्पिअरहूनही कमी असलेला प्रवाह त्वचेत समान पसरावा, यासाठी पाणी अधिक असलेले वाहक जेल लागते. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून आधी चेहरा धुऊन क्रीमचा अंश पूर्ण काढावा. जेल सगळीकडे एकदम न लावता प्रथम एकाच गालावर जाडसर थर द्यावा, कारण पंख्याखाली ते लवकर सुकते आणि सुकलेल्या जागी टोचल्यासारखे होते. तसे झाल्यास यंत्र अधिक न दाबता जेलच पुन्हा लावावे, हे विशेष महत्त्वाचे आहे. यंत्राच्या टोकाचे दोन्ही धातूचे गोलक त्वचेला टेकवून हनुवटीकडून कानाकडे सावकाश न्यावेत. गळ्याचा मध्यभाग टाळावा. पेसमेकर किंवा अपस्मार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे यंत्र वापरू नये. नंतर चेहरा धुऊन गोलक ओलसर कापडाने पुसावेत.