मेडिकलमध्ये येऊन काय मागायचं

कर्वेनगरात माझं मेडिकल आहे, १९ वर्षं झाली. आजूबाजूला मुलींची हॉस्टेलं आणि पोरांच्या कॉट बेसिसच्या खोल्या. रात्री नऊनंतर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी क्रोसिन मागतं, मग खोकल्याच्या गोळ्या, मग वजनकाट्याकडे बघत घुटमळतं. दुकान रिकामं झालं की मोबाइल पुढे करतं. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीचं नाव त्यात टाइप केलेलं असतं, आणि बरेचदा चुकीचं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा पाच गोळ्यांचं किट घेऊन आला, दुसऱ्या कुठल्याशा दुकानातून आणलेलं. म्हणाला, "ताई, पाचही एकदम घ्यायच्या का?" मैत्रिणीची गोष्ट आदल्या रात्रीची, आणि हातात गर्भपाताचं किट! ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. गर्भ नळीत असेल तर त्याने पडत नाही आणि जिवावर बेततं. म्हणून नावाच्या भानगडीत पडू नका. सरळ म्हणा, "तातडीची गोळी हवी, काल रात्रीसाठी." आय-पिल म्हणालात तरी कळतं, त्याचं आता झेरॉक्ससारखं झालंय.

ती एकच गोळी असते, १.५ मिलिग्रॅमची. पाकिटावर ७२ तास लिहिलंय म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, जितकी लवकर घ्याल तितका भरवसा जास्त. ती अंडाशयातून बीज बाहेर पडणं लांबवते, बाकी काही नाही. बीज आधीच बाहेर आलं असेल तर फारसा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर ती कमी पडते. तेव्हा चालू औषधं मला सांगा. अशा वेळी पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेणं जास्त खात्रीचं.

आणि ही गोळी झालेल्या रात्रीपुरती, येणाऱ्या रात्रीसाठी नाही. उलट बीज लांबल्यामुळे पुढचे दिवस जास्त जोखमीचे. महिन्यातून तिसऱ्यांदा कोणी मागायला आलं की मी गोळी देते, पण रोजच्या साधनाचंही विचारते. राग आला तर येवो.

पाळी थोडी मागेपुढे होईल. आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट कार्ड न्या. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर सांगितलेत तेवढेच थेंब टाका आणि पाच मिनिटांनी बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. राहिलंच असेल तर डॉक्टरांकडे जा. १८ पूर्ण असलेल्या मुलीला गर्भपातासाठी नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित मुलीलाही २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतावर तो करून घेता येतो. १८ पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागते आणि डॉक्टरांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. पोलिसांच्या धाकाने किट शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

आता निरोधाचं. पोरं पाकीट न वाचता खिशात कोंबतात. आधी एक्स्पायरी बघा. मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं वापरू नका. दाताने फाडायचं नाही. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग उलगडा. उलगडेना म्हणजे उलटं धरलंय. ते टाका, नवं घ्या, पालथं करून पुन्हा चढवू नका. खोबरेल तेल अजिबात नाही, लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. लागलंच तर पाण्याच्या बेसची जेली मागा. डबल घातल्याने डबल सुरक्षा होत नाही, घासून दोन्ही फाटतात. बाहेर येताना बूड धरा, गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात टाकलं तर प्लंबरला सगळं कळतं. गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही, तांबीही नाही. तिथे निरोधच. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आणि १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं.

सरकारी दवाखान्यात निरोध, रोजची माला-एन गोळी, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, सगळं फुकट मिळतं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते, ते विसरू नका. गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

ज्या महर्षींच्या नावाने हे कर्वेनगर, त्यांच्याच मुलाने, र. धों. कर्व्यांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं! आणि शंभर वर्षांनी आमच्या कर्वेनगरात पोरं क्रोसिनच्या आडून मागतात.

दुकानात गर्दी नको असेल तर दुपारी दोन ते चार या. पुण्यात असूनही मी तेव्हा दुकान बंद ठेवत नाही, आणि चिटपाखरूही नसतं.