भारतीय नौदलाचं ‘जर-तर’ कॉर्सेअर: मॉडेल करताना या चुका टाळा

समजा, १९४८ सालीच भारताकडे विमानवाहू जहाज असतं, तर त्याच्या डेकवरून कोणतं लढाऊ विमान उडालं असतं? पुण्यात स्केल मॉडेल (खऱ्या विमानाची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती) करणाऱ्यांशी या विषयावर बोललं की दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं, कॉर्सेअरचं, नाव हमखास निघतं. दोन्ही बाजूंना खाली वाकून पुन्हा वर चढणारे पंख, लांबलचक नाक आणि चक्राचं भारतीय चिन्ह! कल्पना सुरेख आहे. पण अशी बरीच मॉडेलं पाहताना चटकन खटकतात. हात कच्चा असतो म्हणून नव्हे, तर एका कल्पनेवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी चढवलेली असते म्हणून. काल्पनिक गोष्ट एकच ठेवा आणि बाकी सगळं खरं ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट ठरवायच्या आधी किट फोडू नका

किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, उघडण्याआधी साल ठरवा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. १९४८ धरलं तर नौदल अजून ‘रॉयल इंडियन नेव्ही’ आहे आणि जहाजाच्या नावाआधी ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागतं. त्याच वर्षी आलेली क्रूझर ‘दिल्ली’सुद्धा एचएमआयएस म्हणूनच दाखल झाली. ‘रॉयल’ गेलं ते २६ जानेवारी १९५० ला. विमानावरचं चिन्हही तेव्हाच बदललं. त्याआधी निळं अशोकचक्र होतं, तर १९५० पासून बाहेरून आत केशरी, पांढरा, हिरवा असा गोल आला. म्हणून १९४८ च्या विमानावर तिरंगी गोल लावला की जाणकाराला ते लगेच कळतं.

मग जहाज कोणतं? आपली पहिली ‘विक्रांत’ म्हणजे मुळात ब्रिटिशांची ‘हर्क्युलिस’. ती सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरली, पण १९४६ मध्ये काम थांबल्यामुळे अर्धवट पडून राहिली. भारताने ती १९५७ मध्ये घेतली आणि ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. ‘ते काम थांबलंच नसतं तर’ एवढी एकच कल्पना पुरते.

विमानं आली कुठून, याचंही उत्तर हवं. ब्रिटिश नौदलाकडची कॉर्सेअर अमेरिकेच्या लेंड-लीज, म्हणजे युद्धात मित्रराष्ट्रांना उसनी सामग्री देण्याच्या, योजनेतली होती. युद्ध संपल्यावर ती परत करा, विकत घ्या किंवा नष्ट करा, असा मामला होता आणि कित्येक विमानं थेट समुद्रात ढकलली गेली. इथे खरा इतिहास मदतीला येतो. कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि १९४८ पासून ती आपल्या हवाई दलात उडाली. शिवाय कोइंबतूर भागात युद्धकाळात ब्रिटिश नौदलाचा विमानदुरुस्ती तळ होता. हे दोन धागे जोडले की भारतीय कॉर्सेअर पटतं. एवढं जुळवायचं नसेल तर सीफायर, म्हणजे स्पिटफायरची नौदलासाठीची आवृत्ती, घ्या. ते ब्रिटिश बनावटीचं, त्यात आपल्या हवाई दलाकडे स्पिटफायर होतीच, त्यामुळे सुट्या भागांचा प्रश्नही सुटतो.

पंखांची टोकं विसरू नका

कॉर्सेअरमधली सर्वांत मोठी चूक हीच. ब्रिटिश जहाजांवर हँगरची (डेकखाली विमानं ठेवायच्या जागेची) उंची कमी पडायची आणि वर दुमडलेले पंख छताला लागायचे. म्हणून ब्रिटिशांनी प्रत्येक टोकाचे सुमारे ८ इंच कापले. भारताला मिळालेलं विमान त्यांच्याच साठ्यातलं, म्हणजे टोकं कापलेलीच हवीत. गोल टोकांचं अमेरिकन किट तसंच जोडलं तर सगळी गोष्ट कोसळते.

१/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेलमध्ये हे माप प्रत्येक बाजूला साधारण २.८ मिलिमीटर येतं, १/४८ मध्ये ४.२. दोन्ही पंखांवर टेप लावून एकच रेषा आखा आणि बारीक करवतीने कापा. कटरने दाबून कापलं की प्लास्टिक तडकतं. आतली पोकळी दिसली तर प्लास्टिक शीटचा तुकडा चिकटवा आणि मग लांबी (पुट्टी) भरा. लांबी एकदम जाड न भरता पातळ थरांत भरा, जाड थर आकसतो आणि रंगानंतर खळगा दिसतो. कडा चौकोनी सोडू नका, पाण्यात भिजवलेल्या ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने किंचित गोल करा.

पंखाचे कोनही डोळ्यांनी जुळवू नका. पुठ्ठ्यावर समोरून दिसणारा आकार काढून खाच करा आणि गोंद वाळेपर्यंत पंख त्यात बसवून ठेवा. पुठ्ठा आणि कोनमापक अप्पा बळवंत चौकात सहज मिळतात.

चार पात्यांचा पंखा लावायचा मोहही टाळा. तो नंतरच्या अमेरिकन मॉडेलचा; ब्रिटिशांच्या कॉर्सेअरला तीनच पाती होती.

पुण्याची हवा आणि रंग

जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर रंग मारला की वर पांढुरकी झाक येते. हवेतला ओलावा रंगात अडकतो म्हणून. घासत बसू नका. कोरडी उघडीप मिळाली की त्याच रंगाच्या सावकाश सुकणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारा, बहुतेक वेळा झाक निघून जाते. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा थिनर थोडा वाढवा, एअरब्रश जवळ धरा, शक्यतो सकाळी काम करा. बोहरी आळीतला एनसी थिनर मात्र फक्त भांडी आणि एअरब्रश धुण्यापुरता ठेवा. प्लास्टिकवर तो पडला की पृष्ठभाग विरघळून सुरकुततो, आणि ते दुरुस्त होत नाही.

कॉकपिटची काच फेव्हिक्विकने चिकटवू नका, वाफेने ती आतून धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल पुरे.

चक्राचं डिकल

घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचं पातळ चित्र. पारदर्शक डिकल कागदावर छापलेलं निळं चक्र गडद करड्या पंखावर जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून आधी मास्क कापून पांढरी तबकडी रंगवा आणि त्यावर चक्र चढवा. १९५० नंतरचं विमान करत असाल तर केशरीखालीही पांढरा हवाच, नाहीतर केशरी मातकट दिसतो. चक्राच्या २४ आऱ्या जाड काढल्या तर या मापात मधोमध निळा गोळा होतो. रेषा जितकी बारीक छापता येईल तितकी ठेवा. प्रिंट इंकजेटची असेल तर पाण्यात टाकण्याआधी वर क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन हलके हात द्या, नाहीतर शाई पसरते.

डिकलखाली चंदेरी चकाकी दिसली तर तिथे हवा अडकली आहे. सुईने बारीक भोकं पाडा, वरून सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव) सोडा, सुकू द्या, गरज पडल्यास पुन्हा करा. पुढच्या वेळी डिकलआधी ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) हात द्या. मॅट पृष्ठभागावर ही चकाकी येतेच, आणि पंख वाकतो त्या जागी सर्वांत जास्त येते.