पावसाआधी गोचिडी-पिसवांचा बंदोबस्त: पंप नंतर, आधी भोकं बुजवा

मृग लागायच्या आत अंगण आणि परसू आवरायचं असेल, तर फवारणीचा पंप राहू द्या. तारेचा ब्रश, थापी आणि चुना-वाळू आधी काढा. गेल्या मे महिन्यात मी बाकी सगळं केलं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीची भोकं तेवढी बुजवायची राहिली, आणि भर पावसात कुत्र्याच्या कानात पुन्हा गोचिडी.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन गळून पडली की मातीत बसत नाही, आडोसा शोधत भिंत चढते. गिलावा नसलेला चिरा म्हणजे तिला तयार घर. रात्री बॅटरी भिंतीला तिरपी लावून सांधे बघा: फुगलेली राखाडी मादी आणि तिच्यापुढे खसखशीसारखा तपकिरी, चकचकीत अंड्यांचा ढीग. एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणून जोत्याची फूटभर उंची घासून थांबू नका, पार पत्र्याखालच्या कडेपर्यंत जा. ब्रशने खरवडा, पडेल ते साबणाच्या पाण्यात टाका, भोकात उकळतं पाणी ओता, वाळलं की बुजवा. कुत्रा झोपतो ती भिंत पहिली, मग पडवीची पायरी, मग गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत.

गवत कापा. पातेरा (गळालेला सुका पाला) उचला, आणि उचललेला घराच्या भिंतीला टेकवून रचू नका. पिसवांच्या अळ्या सावलीत, दमट धुळीत वाढतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या सुक्या रक्तावर जगतात. कडक उन्हाच्या उघड्या अंगणात त्या टिकत नाहीत, तेव्हा तिथे निंबोळी अर्क (कृती पुढे दिली आहे) फुकट घालवू नका. पायरीखाली, लाकडांच्या ढिगाखाली, कुत्र्याच्या गोणपाटाखाली मारा. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाका, फार जुनं असेल तर जाळा.

निंबोळी अर्क घरीच करा. कोकणात कडुनिंब थोडा, त्यामुळे सुकी निंबोळी कृषी सेवा केंद्रातून आणावी लागते. 10 लिटरला अर्धा किलो निंबोळी कुटून फडक्यात बांधा, थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून काढा, वीसेक ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि पाणी घालून 10 लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, उन्हात त्याचा जोर जातो. दुसऱ्या दिवशी मेलेल्या गोचिडी शोधू नका. हा अर्क तडकाफडकी मारत नाही, वाढ आणि कात टाकणं बिघडवतो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा मारायचा, कारण पिसवांचे कोष कशालाच दाद देत नाहीत. माणसाच्या पावलांची थरथर आणि ऊब लागली की त्यातून नव्या पिसवा निघतात. बंद घर उघडल्यावर पायाला एकदम चावे बसतात ते यामुळेच.

आणि भोकं? फवारणीच्या आधी बुजवली ना? पंपाचा फवारा सांध्यात दोन बोटंसुद्धा आत जात नाही. आत बसलेल्या गोचिडी खाण्यावाचून महिनोन् महिने तग धरतात.

काही गोष्टी मुळीच करू नका. रॉकेल ओतू नका, शेतातलं कीटकनाशक अंगणात मारू नका. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, मुलं आणि जनावरं असलेल्या घरात ती नकोच. टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून चोळू नका. गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

कोंबड्या गोचिडी टिपतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

कुत्रा, मांजर, गुरं यांचं औषध पशुवैद्यांना विचारून त्याच आठवड्यात. जनावर राहिलं तर अंगण पुन्हा भरणार. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर थांबू नका.

सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे 2016 पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आहेत. ती रानातली गोचीड वेगळी, अंगण साफ करून ती जात नाही. काजूच्या बागेतून आल्यावर अंग तपासा, ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

पावसात: गवत, गोणपाट, बाकी काही नाही. दिवाळीच्या सुमारास अर्क पुन्हा. त्याआधी भिंत बघा, पावसाने चुना सुटलेला असतो. सुटला असेल तिथे परत बुजवा.