सोरायसिसचं पथ्य: सोडण्याआधी तपासा

सोरायसिस झाल्याचं कळलं की सल्ले सुरू होतात. दूध बंद करा, आंबट बंद करा, टोमॅटो-वांगी नकोत. माणूस घाबरून दहा पदार्थ एकदम सोडतो, महिनाभरात थकतो आणि कशानं बरं वाटलं हे कळतच नाही. असं करू नका.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेला चिथावते. एरवी महिनाभर घेणाऱ्या पेशी ३-४ दिवसांत वर येतात, म्हणून खवले धरतात. आहारानं आजार मुळापासून जात नाही, पण दाह कमी-जास्त होऊ शकतो. त्यामुळे औषधं चालू ठेवूनच पुढचं करा.

१. पहिले १५ दिवस काहीही सोडू नका, फक्त लिहा: काय खाल्लं, खाज किती, झोप कशी. घसा दुखला किंवा ताण वाढला तरी नोंदवा, कारण चट्टे त्यानंही भडकतात आणि दोष उगाच जेवणावर जातो. आठवड्याला एकदा त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा.

२. वजन जास्त असेल तर सुरुवात तिथूनच करा. सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायामागे आहे. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडतात. वजन उतरलं की चट्टे कमी होतात आणि औषधंही जास्त चांगली लागू पडतात. उपाशी राहायची गरज नाही. साखरेची पेयं आणि तळलेलं कमी करा. भाज्या, डाळी, सालासकट धान्य वाढवा.

३. दारू थांबवा. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध चालू असेल तर यकृतावर दुहेरी भार पडतो, तिथे सूट नाही.

४. गहू सोडायचा विचार असेल तर आधी गव्हातल्या प्रथिनानं आतड्याला इजा होते त्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा, तीही गहू खात असतानाच. सोडल्यावर ती खोटा दिलासा देऊ शकते. तपासणीत काही निघालं नाही, तर गहू सोडून फायदा होण्याची शक्यता फारच कमी.

५. तरी एखाद्या पदार्थावर संशय असेल, तर तो एकटाच ८ आठवडे बंद ठेवा, मग पुन्हा सुरू करा. फोटो शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला नाही, तर तो पदार्थ निर्धास्तपणे ताटात परत घ्या.