मराठी मजकुरात अक्षराची जागा कशी शोधावी

मंडळाच्या वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये उघडली, की अख्खा पत्ता एकाच सेलमध्ये कोंबलेला दिसतो: ‘खोली ७, तिसरा माळा, गोखले रोड, दादर, मुंबई’. तो तोडायचा तर आधी स्वल्पविराम कितव्या जागी आहे ते काढावं लागतं. पत्ता ए२ मध्ये असेल तर =फाइंड(",",ए२) लिहा. फंक्शनचं नाव, सेलचा पत्ता आणि सूत्रातले आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे.

उत्तर येतं ७. डोळ्यांनी मोजलं तर खो, ली, मोकळी जागा, ७ आणि मग पाचवा स्वल्पविराम. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘अक्षरं मोजून आकडा टाका’ हा सल्ला मराठीत साफ चुकीचा आहे. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त असं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतो. ‘मुंबई’ त्याच्या लेखी पाच चिन्हांची आणि ‘वांद्रे’ सात. ‘तिसरा’मधली वेलांटी दिसते त च्या आधी, पण साठवलेली असते त च्या नंतर. म्हणून अंदाजाने ‘वांद्रे’ची पहिली पाच चिन्हं कापलीत तर हातात पाय मोडका ‘वांद्’ उरतो. कापायचं ते नेहमी स्वल्पविरामाशी किंवा मोकळ्या जागेशी.

याहून वाईट प्रकार जुळ्यांचा. ‘तिसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह, तर कुणाच्या र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण चिन्हं मोजणारं =लेन() एकाला ७ सांगतं, दुसऱ्याला ८. एक रूप शोधलं आणि सेलमध्ये दुसरं असलं, तर समोर दिसणारा शब्दही सापडत नाही आणि #व्हॅल्यू! ही चूक येते. ‘ॲड.’मधल्या ॲ चं तेच: एक अखंड चिन्ह, किंवा अ वर चंद्र. शोधण्याआधी सब्स्टिट्यूट (एका चिन्हाच्या जागी दुसरं घालणारं फंक्शन) वापरून सगळ्या ओळी एकाच रूपात आणा. अदृश्य जोडचिन्ह सूत्रात यूनिचार(८२०५) असं लिहितात. देवनागरी ४ आणि इंग्रजी अंकातला चारही वेगळे, पिनकोड शोधताना विसरू नका.

पुढचं सोपं. दुसऱ्या स्वल्पविरामासाठी =फाइंड(",",ए२,८), उत्तर १९. शोध आठव्या जागेपासून, पण मोजणी सुरुवातीपासूनच असते, त्यामुळे त्यात परत ७ मिळवू नका. थेट तिसरा हवा तर =फाइंड("|",सब्स्टिट्यूट(ए२,",","|",३)).

फाइंडऐवजी सर्च हे तसंच शोधणारं दुसरं फंक्शन वापरा असं सर्रास सांगतात. सर्चचा फायदा रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांपुरता, जी भानगड मराठीत नाहीच. उलट सर्चला प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही चिन्ह’ वाटतं, म्हणून ते शोधायला गेलात की उत्तर हमखास १. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फाइंडची मोजणी शून्यापासून: तोच पहिला स्वल्पविराम तिथे ६ वर, आणि सापडला नाही तर उणे १.