रिलीजच्या आधी: प्रोग्रॅम बंद कसा होतो ते बघा

सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम चालू होतो का, हे सगळेच बघतात. बंद होताना काय होतं, हे आमच्या इंदूरच्या टीममध्येही कोणी बघत नसे. मग एका ग्राहकाकडे तो रोज संध्याकाळी बंद करताना कोसळू लागला, आमच्याकडे मात्र एकदाही नाही. लॉगमध्येही काही सापडेना, कारण नोंदी लिहिणारा लॉगरच आधी मोडला गेलेला!

तेव्हा पहिलं काम, स्टॅटिक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत जगणारे, हुडकायचे. नुसत्या सर्चवर विसंबू नका; क्लँग कंपायलरमध्ये एक्झिट-टाइम-डिस्ट्रक्टर्सची वॉर्निंग चालू करा (डिस्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना चालणारा कोड). साधे इंट सोडून द्या. स्ट्रिंग, मॅप, लॉगर यांची नावं कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, याला कोणता थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) हात लावतो.

इथेच बहुतेक जण फसतात. २०११च्या सी प्लस प्लसपासून फंक्शनमधला स्टॅटिक तयार होताना दोन थ्रेड एकदम आले, तर एक थांबतो. म्हणून मोडतानाही तसंच होत असेल, असं आपण धरून चालतो. तसं नाही. मेन हे मुख्य फंक्शन संपलं की डिस्ट्रक्टर चालू होतात, आणि डिटॅच केलेला, म्हणजे मोकळा सोडलेला, थ्रेड तिकडे मजेत मॅप वाचत असतो. आमच्या इंदूरच्या सराफ्यातला, तळलेला कंद विकणारा गराडूवालासुद्धा कढई रिकामी झाल्यावरच भट्टी विझवतो, भिया.

म्हणून मेनमधून बाहेर पडण्याआधी थांबायचा फ्लॅग लावा, झोपलेल्या थ्रेडना उठवा, जॉइन करा, म्हणजे ते संपेपर्यंत थांबा. काम आणणारे थ्रेड आधी, ते काम उपसणारे नंतर, लॉगर शेवटी. कुठेही डिटॅच दिसलं की लिहिणाऱ्याला कारण विचारा. आम्हाला आजवर एकच पटलंय. २०२०च्या सी प्लस प्लसमधला जेथ्रेड स्वतःच जॉइन करतो खरा, पण तोच स्टॅटिक ठेवलात तर पुन्हा तिथेच. विंडोजच्या डीएलएलमध्ये (चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीत) स्टॅटिकच्या डिस्ट्रक्टरात जॉइन नकोच: डीएलएल चढवता-उतरवताना लागणाऱ्या लोडर लॉकपायी दोन्ही थ्रेड एकमेकांची वाट बघत बसतात.

जे शेवटपर्यंत लागणारच आहे, ते न्यूने बनवून स्टॅटिक रेफरन्समध्ये ठेवा आणि डिलीट करूच नका. मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. फाइलचा बफर, म्हणजे अजून फाइलमध्ये न गेलेला मजकूर, मात्र हाताने फ्लश करा. आमच्या लॉगच्या शेवटच्या चार ओळी अशाच गेल्या होत्या.

मग थ्रेडमधल्या टकरी पकडणाऱ्या थ्रेड सॅनिटायझरचा बिल्ड घ्या, लॉगर थ्रेडमध्ये मुद्दाम दोनशे मिलिसेकंदांची झोप घाला आणि भर कामात प्रोग्रॅम शंभर वेळा बंद करून बघा. आमचा सातव्या वेळी पडला.